श्रीखंडाची डबी

बाजीराव रोडवरच्या त्या दुकानात गेले तेव्हा
पिशवीत एक डबी होती, अर्धा किलो श्रीखंडाची,
झाकणाला रबर लावलेली.
काउंटरवरच्या मुलानं विचारलं, "मॅडम, बजेट?"
म्हटलं, बजेट नंतर. आधी हे बघ.
झाकण उघडलं.
तो अर्धं पाऊल मागे सरला.

रविवारी सोफ्याखालून निघालेलं सगळं होतं त्यात.
डांबरचे केस, काळे, आखूड, सुईसारखे,
सतरंजीत शिरले की विणीचाच भाग होणारे.
साबूचे पांढरे, म्हातारीच्या कापसाहून हलके,
हात पुढे केला की आपणहून उठून जाणारे.
दोन वर्षं कुंच्यानं झाडते आहे.
कुंचा काही काढत नाही, फक्त बदल्या करतो.
तीस वर्षं आस्थापना शाखेत काढली मी,
बदल्या मला कळतात:
डांबर कॉटखाली, साबू थेट देवघरात.
गेल्या गुरुवारी समईच्या तेलात एक पांढरा निघाला.
पोह्यांत निघतो तो आम्ही मोजत नाही.

मुलाचं नाव वैजनाथ. खिशावर बिल्ला होता.
त्यानं पाठांतर सुरू केलं, वॅट, फिल्टर, वॉरंटी.
आकडे राहू देत, वैजनाथ.
ही डबी गालिच्यावर ओत
आणि एकेक यंत्र चालवून दाखव.
त्यानं केबिनकडे पाहिलं.
केबिननं चहा पिता पिता मान हलवली.

पहिलं लाल.
गर्जना अशी की कपाटातले मिक्सर थरथरले.
मी घरी फोन लावला, शेजारच्या निषादला बसवून आले होते.
"स्पीकर लाव. डांबरच्या कानाशी धर."
जरा वेळानं निषाद म्हणाला, "काकू, तो बाथरूममध्ये आहे,
बादलीमागे. साबू कुठंय ते माहीत नाही."
लाल बाद.

दुसरं ताटाएवढं, चपटं, आपलं आपण फिरणारं.
त्याच्याबद्दल माझा एकच प्रश्न होता:
आमचा डांबर म्हातारा झालाय,
एखाद्या रात्री त्याला आवरत नाही.
अंधारात हे त्यातून गेलं तर?
वैजनाथच्या डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं असावं.
पुढं काही न बोलता
त्यानं ते खोक्यात परत ठेवलं.

तिसरं करडं, उभं, लांब वायरीचं.
आवाज दोन गल्ल्यांपलीकडच्या गिरणीएवढा.
निषाद म्हणाला, "जांभई दिली."
पारदर्शक डब्यात काळंपांढरं गरगरू लागलं,
तीळतांदूळ एकाच सुपात पाखडावेत तसं.
वैजनाथच्या चेहऱ्यावर बिल छापून आलं.
आणि ब्रश अडकला.

उलटं करून पाहिलं.
रोलरला घट्ट गुंडाळलेले, लांब, पिकलेले,
टोकाकडे मेंदीची तांबूस खूण.
"हे कुठल्या प्राण्याचे?" त्यानं अगदी सरळ विचारलं.
"माझे."

पंखा फिरत होता, तो ऐकू यायला लागला.
"कुत्र्यामांजरांचे खेचतं हे," तो हळू म्हणाला,
"लांब केसच गुंततात, मॅडम. कंपनी तसं लिहीत नाही."
ड्रॉवरमधून कात्री काढली,
कापू का, असं नुसतं बघितलं.
ज्यांच्यावर दोन वर्षं ओरडत होते
त्यातला एक बादलीमागून नुकता निघालेला, दुसरी बेपत्ता,
आणि आरोपी इथं, गालिच्यावर गुडघे टेकून,
रोलर धरून बसलेली,
त्याला नीट कापता यावं म्हणून.

घेतलं तेच.
कात्री त्यानं वर फुकट दिली,
एका पात्याला गंज चढलेली.

रिक्षात खोकं मांडीवर घेतलं.
रिक्षावाल्यानं विचारलं, "काय, मिक्सर?"
"नाही हो," म्हटलं, "आमचे केस फार गळतात."
त्यानं आरशातून एकदा नीट पाहिलं
आणि स्वारगेट येईपर्यंत
कुठल्याशा तेलाचं नाव सांगत राहिला.